टॅरो शिकायचंय तर आधी चित्र बघायला शिका

टॅरो म्हणजे 78 चित्रकार्डांचा गठ्ठा, त्यातली कार्डं काढून माणूस आपल्या प्रश्नांवर बोलतो, आणि त्या गठ्ठ्याला डेक म्हणतात. डेक घरी आला की त्यात कार्डांचे अर्थ सांगणारी एक छोटी पुस्तिका असते, ती पहिल्याच दिवशी काढून कपाटात ठेवा. फेकू नका, पुढं लागणार आहे, पण पहिले अडीच महिने तिला हात लावायचा नाही. मी बरोबर उलटं केलं होतं, पुस्तिका घेऊन बसले, वहीत 78 कार्डांचे अर्थ उतरवले, दहावीला इतिहासाच्या सनावळ्या घोकतो तसे घोकले आणि सहा महिन्यांनी कुणी समोर येऊन बसलं की अर्थ सगळे आठवायचे पण त्या माणसाशी बोलायचं काय ते सुचायचं नाही. आता इथं सांगलीत ओळखीच्या चार-पाच जणी विचारतात की ताई आम्हाला पण शिकायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

डेक कुठला घ्यायचा तर रायडर-वेट-स्मिथ. हल्ली मांजरांचे, पऱ्यांचे, देवदेवतांचे असे इतके देखणे डेक मिळतात की मोह होतोच, पण ते नंतर घ्या. हा डेक 1909 साली लंडनमध्ये निघाला, रायडर हे प्रकाशकाचं नाव, कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. वर्षानुवर्षं लोक त्याला नुसतं रायडर-वेट म्हणत आले, म्हणजे जिनं 78 चित्रं काढली तिचंच नाव गायब. तिनं त्याच वर्षी एका पत्रात लिहून ठेवलंय की काम फार मोठं झालं आणि पैसे फार थोडे मिळाले, आणि 1951 ला ती गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. म्हणून मी तरी प्रत्येक वेळी स्मिथ जोडूनच म्हणते, तुम्हीपण म्हणा. कार्डाच्या कोपऱ्यात बारीक वेटोळ्यासारखी तिची सही दिसेल, शोधून बघा.

हाच डेक का, तर त्याआधीच्या बहुतेक डेकांत छोटी, म्हणजे एक्का ते दश्शीची कार्डं आपल्या पत्त्यांसारखीच असायची. कपांची सत्ती म्हणजे नुसते सात कप मांडलेले, त्यात बघणार काय? या बाईनं त्या साध्या कार्डांवरही काहीतरी घडताना दाखवलंय, कुणी होडीतून चाललंय, कुणी भांडतंय, कुणी बर्फात लंगडत चाललंय, कुणी झाडाखाली हाताची घडी घालून रुसून बसलंय. नवशिक्याला धरायला काहीतरी लागतं आणि ते इथं प्रत्येक कार्डात आहे.

पहिला डेक दुसऱ्यानं भेटच द्यावा लागतो, स्वतःच्या पैशानं घेतला तर चालत नाही, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. काही नाही तसं, स्वतः घ्या. चांदण्यात ठेवणं, दुसऱ्याला हात लावू न देणं, हे पण ज्याला बरं वाटतं त्यानं करावं, माझ्या मते तर समोरच्यानं कार्ड हातात घेऊन जवळून बघितलं पाहिजे, नाहीतर त्याला चित्र दिसणार कसं. काळजी घ्यायची ती सांगलीच्या पावसाळ्याची. जुलै-ऑगस्टमध्ये कार्डं दमट होतात, एकमेकांना चिकटतात, कडा वर येतात, मग पिसताना फाटतात. मी जुन्या खणाची पिशवी शिवलीय, त्यात खडूचे दोन तुकडे कागदात गुंडाळून ठेवते आणि वर जड डिक्शनरी. रबरबँड लावू नका, कडेला खाच पडते आणि मग न बघतासुद्धा ते कार्ड ओळखू येतं. आणि ही कार्डं आपल्या पत्त्यांपेक्षा बरीच मोठी असतात, हात लहान असेल तर फडफड करत पिसायच्या नादी लागू नका, चटईवर सगळी पालथी पसरायची आणि कणीक मळल्यासारखी दोन्ही हातांनी गोल गोल फिरवून गोळा करायची, मस्त मिसळतात.

आता रचना. तुम्हाला मेंढीकोट येत असेल तर हे पाच मिनिटांत डोक्यात बसेल. आपल्या पत्त्यात बदाम, इस्पिक, चौकट, किलवर असतात तसे इथं कप्स, स्वोर्ड्स, पेंटॅकल्स आणि वाँड्स. कप्स म्हणजे आपला बदाम, मन, नाती, माया, रुसवे-फुगवे. स्वोर्ड्स म्हणजे इस्पिक, डोक्यातले विचार, बोलणं, वाद, निर्णय. इटालियन भाषेत तलवारींना स्पादे म्हणतात, इंग्रजीतला स्पेड तिथूनच आलाय, म्हणजे आपण लहानपणापासून तलवारीनंच खेळतोय. पेंटॅकल्स म्हणजे चौकट, नाणी, म्हणजे पैसा, नोकरी, जमीनजुमला, शरीर. वाँड्स म्हणजे किलवर, हिरव्या पालवीच्या काठ्या, उमेद, धडाडी, नवीन काहीतरी करायची खाज. पंचमहाभूतं तर आपल्याला कुणी शिकवायला नको, कप्स पाणी, स्वोर्ड्स वारा, पेंटॅकल्स माती, वाँड्स अग्नी. प्रत्येकात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा आणि वर चार चित्रांची माणसं, आपल्याकडं गुलाम, राणी, राजा असे तीनच, इथं एक घोडेस्वार जास्तीचा. चौदा चोक छप्पन्न. ही झाली मायनर, म्हणजे छोटी कार्डं.

राहिली 22 मेजर. ही म्हणजे कायमचे हुकूम. खरंच तसंच होतं, हा मुळात पत्त्यांचाच खेळ, पंधराव्या शतकात उत्तर इटलीत मिलान, फेरारा या भागात श्रीमंत घराण्यांत खेळायचे आणि ही 21 नंबरवाली कार्डं बाकी सगळ्यांना मारायची, बाविसावा द फूल हा वेगळा. भविष्याशी संबंध जोडला गेला तो फार नंतर, 1780 च्या आसपास फ्रान्समध्ये. 1781 मध्ये कूर द जेबलँ नावाच्या गृहस्थांनी लिहिलं की हे इजिप्तच्या पुजाऱ्यांचं गुप्त ज्ञान आहे, आणि अजूनही व्हिडिओत तेच सांगतात. त्या काळी इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताच येत नव्हती, ती उलगडली 1822 ला. तेव्हा हजारो वर्षांपूर्वीची विद्या वगैरे कुणी सांगू लागलं की ऐकून सोडून द्या. आपली सावंतवाडीची गंजिफा आठवा, गोल पत्ते, दशावताराचे दहा रंग, प्रत्येकात बारा, असे 120. पत्त्यावर देव आहेत म्हणून तो खेळ नाही असं होत नाही ना. टॅरो खेळातून आलाय हे माहीत असलं की मनातली भीती निम्मी कमी होते.

आता मुख्य काम, बघणं. मी हे कुणाकडून शिकले ते सांगते.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45, त्यावरून समजा. आमच्या शेजारच्या काकूंचं गणपती पेठेत साड्यांचं छोटं दुकान, ते बुडालं. दिवाळीनंतर कधीतरी त्या माझ्याकडं बसल्या होत्या, म्हणाल्या काढ बघू माझं पण एक कार्ड, आणि आलं फाइव्ह ऑफ कप्स, कपांची पंजी. काळा झगा घातलेला माणूस मान खाली घालून उभा, समोर तीन कप उपडे पडलेत, आतलं सांडलंय. माझं पाठांतर लगेच सुरू, काकू हे नुकसानीचं कार्ड, दुःख, पश्चात्ताप, हातातलं गेल्याची हळहळ. काकूंनी कार्ड हातात घेतलं, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अगं नुकसान झालंय ते मला ठाऊक आहे की. पण ह्याच्या मागं दोन भांडी उभी आहेत बघ. आणि तो पूल कुठं जातो?"

मी शंभर वेळा ते कार्ड बघितलं होतं. दोन कप उभे आहेत हे माहीत होतं कारण पुस्तिकेत लिहिलेलं, पण मागं नदी आहे, नदीवर पूल आहे आणि पलीकडं घर आहे हे मी कधी धड बघितलंच नव्हतं. काकूच मग बोलत राहिल्या, माळ्यावर टाकलेले दोन गठ्ठे कोरडे राहिले होते, ते त्यांनी तीन महिन्यांत सोडलेपण नव्हते, बघायलाच नको वाटत होतं म्हणे. मी गप्प बसून ऐकलं. त्या दिवशी मला टॅरो म्हणजे काय ते कळलं आणि दुसऱ्या दिवशी मी पुस्तिका कपाटात ठेवली.

तर तुम्ही रोज असं करा. सकाळी चहा घेताना एक कार्ड काढा. मोबाईलवर तीन मिनिटांचा टायमर लावा आणि फक्त काय दिसतंय ते मोठ्यानं बोला. अर्थ बोलायचा नाही, चांगलं-वाईट बोलायचं नाही. किती माणसं आहेत, कुठं बघतायत, हातात काय, पायात काय, पायात काहीच नाही का, मागं डोंगर आहे की पाणी, पाणी शांत आहे की लाटा, आभाळ कुठल्या रंगाचं, कुणाचा चेहराच दिसत नाही असं आहे का. पहिल्या मिनिटात संपल्यासारखं वाटेल. थांबा. दुसऱ्या मिनिटात पाठीमागचं दिसायला लागतं, तिसऱ्यात बारीकसारीक. टेन ऑफ स्वोर्ड्स घ्या, पाठीत दहा तलवारी खुपसलेला माणूस पालथा पडलाय, बघूनच पोटात गोळा येतो, पण तीन मिनिटं बघा, वर काळं आभाळ आहे आणि खाली क्षितिजावर पिवळा उजेड आहे आणि पाणी एकदम संथ. मग वहीत चार ओळी लिहा, तारीख टाका, आणि रात्री झोपताना दिवसभरात त्या चित्रासारखं काही घडलं का ते खाली एका ओळीत. नाही घडलं तर नाही लिहा, ओढून ताणून जुळवू नका, ही सवय आत्ताच लागली तर पुढं लोकांनाही तुम्ही ओढून ताणून सांगणार नाही.

एक महत्त्वाचं, काढलेलं कार्ड परत गठ्ठ्यात घालू नका, वेगळं ठेवा. 78 दिवसांत सगळी कार्डं एकदा हातातून जातात. रोज परत मिसळून काढलं तर 78 दिवसांनंतरही साधारण 28 कार्डं तुम्ही बघितलेलीच नसतील, गणित करून बघा हवं तर, आणि नेमकं त्यातलंच एखादं पाहुण्यांसमोर येतं.

हे चालू असताना हळूहळू आकड्यांकडं लक्ष द्या. एक्का म्हणजे सुरुवात, ढगातून एक हात येतो आणि वस्तू पुढं करतो. दोन म्हणजे जोडी किंवा दोन्हीकडची ओढ. चार म्हणजे स्थिरावणं, कधी कधी जास्तच स्थिरावणं. पंजी चारही रंगांत अडचणीचीच आहे, वाँड्समध्ये काठ्यांनी हाणामारी, कप्समध्ये सांडलेलं, स्वोर्ड्समध्ये एकजण जिंकून तलवारी गोळा करतोय आणि बाकीचे पाठ फिरवून चाललेत, पेंटॅकल्समध्ये बर्फात दोन फाटके जीव आणि शेजारीच चर्चची उजळलेली खिडकी. चारही पंज्या एका रांगेत मांडा आणि बघा, मग परत विसरणार नाही. सहाला थोडा दम घ्यायला मिळतो. दश्शी म्हणजे भरलं, आता पुढं नवीन. असं दहा आकडे आणि चार रंग समजले की 40 कार्डं वेगवेगळी पाठ करायची गरजच राहत नाही.

चित्रांच्या माणसांत सगळे अडकतात, मीपण अडकले होते. त्यातले घोडेस्वार आधी घ्या आणि फक्त घोडे बघा. वाँड्सचा घोडा पुढचे पाय उचलून उधळतोय. स्वोर्ड्सचा वाऱ्याच्या वेगानं पळतोय, झाडंसुद्धा वाकलीत. कप्सचा सावकाश, डौलात चाललाय. आणि पेंटॅकल्सचा जागेवर उभा, मागं नांगरलेलं रान. आता तुमच्या घरातली, ओळखीतली माणसं बसवा यात. सांगली-मिरज रोडला सिग्नल सुटायच्या आधी गाडी काढणारा कोण ते तुम्हाला माहितीय, आणि उसाच्या बांधावर तासभर उभं राहून नुसतं बघणारे, काही न बोलणारे आणि शेवटी बरोबर निर्णय घेणारे काकापण तुमच्या घरात असतीलच. पेज म्हणजे आपल्या गुलामाच्या जागचं शिकणारं पोर, राणी म्हणजे ती गोष्ट जिच्या स्वभावात मुरलीय ती व्यक्ती, राजा म्हणजे ती चारचौघांत चालवणारा. राणी बाईच असते आणि राजा पुरुषच असं काही नाही, आमच्या ओळखीत पेंटॅकल्सच्या राजा एक आजी आहेत, सगळा बागायतीचा हिशेब त्यांच्या डोक्यात.

मेजर 22 एका दमात पाठ करू नका, गोष्ट म्हणून वाचा. शून्य नंबरचा द फूल, म्हणजे भाबडा पोरगा, काठीला गाठोडं, हातात पांढरं गुलाब, पायाशी कुत्रं, कड्याच्या टोकावर उभा आणि बघतोय वर. पहिल्यांदा पुण्याला निघालेला पोरगा सांगली स्टँडवर असाच उभा असतो आणि आई मागनं डबा घेऊन येत असते. पुढची सगळी कार्डं म्हणजे त्याला वाटेत भेटलेली माणसं आणि आलेले प्रसंग असं समजून वाचायची एक चांगली पद्धत आहे. काही समजत नसेल तर हर्मिटपासून सुरू करा, नऊ नंबर, म्हातारा, एका हातात काठी आणि दुसऱ्यात कंदील, कंदिलात चांदणी, आणि उजेड पुढच्या चार पावलांपुरताच. बऱ्याच लोकांना हे कार्ड बघून लगेच काहीतरी बोलावंसं वाटतं.

आता डेथ, म्हणजे मृत्यूचं कार्ड. याबद्दल जास्त लिहिणार आहे कारण यात लोकांचं नुकसान होतं.

माझ्या आईला काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी हे कार्ड आलं, मी तेव्हा शिकतपण नव्हते. समोरच्या व्यक्तीनं चेहरा पाडला, कार्ड पटकन पालथं केलं, म्हणे मी सांगत नाही, घरातल्या कर्त्या माणसाला जपा. आणि मग शांतीसाठी अमुक हजार. आईनं पैसे दिले, वर दोन महिने बाबा बाहेर पडले की ती दारात उभी. बाबा ठणठणीत आहेत अजून. मला त्या पैशापेक्षा त्या दोन महिन्यांचा राग येतो.

ते कार्ड नीट बघा. काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर, हातातल्या झेंड्यावर पांढरं गुलाब. राजा खाली पडलाय, मुकुट बाजूला. धर्मगुरू हात जोडून उभा. एक तरुणी मान फिरवतेय. आणि एक लहान मूल गुडघ्यावर बसून थेट घोड्याकडं बघतंय. मागं दोन बुरुजांच्या मध्ये सूर्य. एखादी गोष्ट संपतेय आणि प्रत्येकजण त्याला वेगळ्या पद्धतीनं सामोरा जातोय. वाचताना विचारायचं ते हे, की यातलं तुम्ही कोण? नोकरी सुटलीय, घर विकायचंय, मुलगी लग्न होऊन गेलीय, काहीही असू शकतं, समोरचा स्वतःच सांगतो. आणि हे कार्ड येण्यात विशेष काही नाही. 78 मधली तीन काढली तर ते येण्याची शक्यता 26 मध्ये एक, म्हणजे महिनाभर रोज तीन कार्डं काढणाऱ्याला ते सरासरी एकदा भेटतं. त्यावर कुणी पैसे मागत असेल तर उठून या. टॉवर आणि डेव्हिल या कार्डांचंही तेच. डेव्हिलमध्ये त्या दोघांच्या गळ्यातल्या साखळ्या बघा किती सैल आहेत, मान वाकवली तर निघतील.

प्रश्न कसा विचारायचा याला मी कार्डांइतकंच महत्त्व देते. माझं लग्न कधी होईल, बदली होईल का, तो मला फोन करेल का, अशा प्रश्नांना कार्डावर उत्तर नसतं कारण कार्डावर कॅलेंडर नाही. त्याच प्रश्नाला थोडं वळवायचं. लग्न कधी याच्याऐवजी स्थळं बघताना मी नेमकं काय टाळतेय. बदली होईल का याच्याऐवजी बदली झाली नाही तर इथं माझं काय चालू ठेवता येईल. समोरच्याला हे वळण देताना घाई करू नका, दहा मिनिटं गेली तरी चालतील, कधी कधी प्रश्न नीट झाला की कार्डाची गरजच उरत नाही आणि चहा पिऊन माणूस उठतो.

तीन कार्डांचं वाचन आता प्रत्यक्ष दाखवते. भूत-वर्तमान-भविष्य असं सगळीकडं सांगतात, मी भविष्य ठेवतच नाही. पहिलं कार्ड आत्ता काय चाललंय, दुसरं काय दिसत नाहीये, तिसरं पुढचं एक पाऊल. तासगावचा माझा भाचा, एमपीएससीचे दोन अटेम्प्ट झालेले, विचारत होता मावशी तिसरा देऊ का. त्याच्या परवानगीनं लिहितेय. प्रश्न आम्ही असा केला, की पुढचं वर्ष ठरवताना मी काय लक्षात घेऊ.

पहिलं आलं एट ऑफ पेंटॅकल्स, कारागीर बाकड्यावर बसून एकेक नाणं ठोकतोय. काय दिसतंय म्हटलं. म्हणाला काम करतोय, मान खाली, एकटाच आहे, गाव लांब मागं राहिलंय. दुसरं फोर ऑफ कप्स, झाडाखाली पोरगा हाताची घडी घालून, समोर तीन कप आणि ढगातून एक हात चौथा कप देतोय, हा बघतच नाही. तिसरं सिक्स ऑफ स्वोर्ड्स, होडी, नावाडी मागं उभा राहून बांबूनं ढकलतोय, पुढं डोक्यावरून पदर घेतलेली बाई आणि तिच्याजवळ लेकरू, आणि होडीत सहा तलवारी रोवलेल्या.

इथं मी काही बोलले नाही, तिन्ही शेजारी शेजारी ठेवून फक्त विचारलं की तिन्हीत सारखं काय आहे. बराच वेळ बघून म्हणाला, कुणाचंच तोंड कुणाकडं नाही. मग फोर ऑफ कप्सवर बोट ठेवून विचारलं, असा कुठला कप आलाय का तुझ्याकडं ज्याला तू हो पण म्हणाला नाहीस आणि नाही पण म्हणाला नाहीस. तो एकदम गप्प. द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेबाचं काम, ओळखीतनं आलेलं, दीड महिना त्यानं उत्तरच दिलं नव्हतं, घरी पण सांगितलं नव्हतं. मग होडीकडं बघत म्हणाला, पाणी अलीकडं लाटांचं आहे आणि पलीकडं शांत, पण मावशी तलवारी काढल्या तर होडीत पाणी शिरणार. म्हणजे अभ्यास सोडायचा नाही, पण किनारा बदलायचा. हे वाक्य त्याचं. परीक्षा दे किंवा देऊ नको असं माझ्या तोंडून एकदाही गेलं नाही आणि जायलाही नको होतं, त्याच्या आयुष्यातली दोन वर्षं आहेत ती.

तीन कार्डं एकमेकांशी कशी बोलतात ते बघणं म्हणजे हेच. कोण कुणाकडं तोंड करून आहे, पाणी किती कार्डांत आहे, एकाच रंगाची दोन आली का, मेजर किती. एखादं मेजर येणं फार सर्वसाधारण आहे, तीन कार्डांत तीनातल्या जवळजवळ दोन वेळा निदान एक येतंच, त्यामुळं मेजर आलं म्हणून दचकायचं नाही.

आपल्या भागात तुम्हाला कुणीतरी नक्की विचारणार, ही अंधश्रद्धा नाही का. डॉ. नरेंद्र दाभोलकर शेजारच्या साताऱ्याचे, त्यांनी आयुष्य याच प्रश्नात घातलं, 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. मला हा प्रश्न कुणी विचारला तर मी चिडत नाही, विचारलाच पाहिजे. माझं उत्तर असं की कार्डं पिसली की कुठलंही वर येतं, त्यात कुणाची शक्ती नाही, पण चित्र समोर असलं की माणूस जे एरवी बोलत नाही ते बोलतो आणि मी तेवढ्यासाठीच वाचते. म्हणून काही गोष्टी मी वाचतच नाही आणि तुम्हीपण वाचू नका. आजारपण, रिपोर्ट, मूल होईल का, कोर्टाचा निकाल, हरवलेलं माणूस, चोरी कुणी केली, आणि नवऱ्याचं बाहेर काही आहे का. यातल्या प्रत्येकाला डॉक्टर, वकील, पोलीस नाहीतर समोरासमोर बोलणं आहे. एखादी बाई फार खचलेली दिसली, जगण्यात अर्थ नाही असं बोलली तर कार्डं तिथंच बाजूला ठेवा, तिच्या घरच्या कुणाला तरी हाताशी घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञाकडं सोबत जा. उपाय, खडे, धागे सांगायचे नाहीत. पैसे कधी घ्यायचे हे मी सांगू शकत नाही पण निदान पहिलं वर्ष घेऊ नका, पैसे घेतले की उत्तर दिलंच पाहिजे असं वाटायला लागतं आणि मग माणूस बनवून बोलतो.

उलटी आलेली कार्डं पहिले सहा महिने सरळ करून घ्या. सेल्टिक क्रॉस ही दहा कार्डांची मांडणी बघायला भारी दिसते, तीही थांबू दे, तीन कार्डं धड बोलती करता आली नाहीत तर दहा कार्डांचा नुसता गोंगाट होतो. आणि एकच प्रश्न मनासारखं कार्ड येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारायचा नाही, निदान महिनाभर तरी नाही, हा मोह रात्री अकरा-साडेअकराला हमखास होतो, डेक पिशवीत घालून झोपून जा.

मग एकोणऐंशीव्या दिवशी ती पुस्तिका कपाटातून काढा. वही शेजारी ठेवा आणि एकेक कार्ड घेऊन पुस्तिकेतला अर्थ तुमच्या चार ओळींच्या खाली वेगळ्या शाईनं लिहा. बऱ्याच ठिकाणी जुळेल, काही ठिकाणी पुस्तिकेत असं काही सापडेल जे तुम्हाला दिसलंच नव्हतं, मग परत चित्रात जाऊन ते शोधा. जिथं दोन्ही वेगळं असेल तिथं तुमच्या वाक्यावर बोट ठेवा आणि मग चित्रात ते नेमकं कुठं आहे त्यावर बोट ठेवता येतं का बघा. येत असेल तर तुमचंही ठेवा, येत नसेल तर पेन्सिलीनं खोडा आणि ते कार्ड उद्या सकाळी चहाबरोबर परत काढा.